पिवळी चिंधी

१

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीची दुपार शहाण्या माणसाला घरात बसवते. हेमचंद्र एरवी शहाणाच होता, पण दुपारच्या बाबतीत हट्टी. खाणीच्या ऑफिसची बस त्याला हमरस्त्यावर सोडायची आणि तिथून तो पायी घरी यायचा. पद्मा इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. ती दर आठवड्याला एकदा तरी म्हणायची, "मी येताना पिक करते ना. कशाला भाजून घेतोस?" तो नुसता हसायचा. ते चालणं त्याला आवडायचं. तीच गमची, म्हणजे निलगिरीची झाडं, तीच तारेची कुंपणं, कोपऱ्यावरच्या घरातला तोच भुंकणारा कुत्रा, आणि मधेच खाणीत सुरुंग उडाला की तळपायाला जाणवणारा तो ओळखीचा धक्का. बेळगावहून पुणे, पुण्याहून पर्थ आणि पर्थहून इथे, असं करत आलेल्या माणसाला एवढी ओळख पुरते.

त्या मंगळवारी त्याच्या लेटरबॉक्सच्या खांबाला एक चिंधी बांधलेली होती.

आधी त्याला वाटलं, खाणीतली फीत असणार. त्याच्या कामात रंगीत प्लास्टिकच्या फितींना तोटा नव्हता. सर्व्हेवाले जिथे तिथे बांधून ठेवतात आणि त्या वाऱ्याने गावभर उडतात. पण ही फीत नव्हती. कापड होतं, सुती, पिवळं, आणि दोन्ही टोकांना बोटभर हिरवा काठ. बांधलीही होती ती सुरगाठीने, पायजम्याची नाडी बांधतात तशी. या गावात पायजम्याला नाडी असलेली माणसं किती, असा एक गमतीशीर प्रश्न त्याच्या मनात येऊन गेला.

त्याने एक टोक ओढलं. गाठ अलगद सुटली. चिंधी त्याने खिशात घातली आणि घरात जाऊन चहा ठेवला. कप उचलला तेव्हा बोटांना हळदीचा वास येत होता.

काल याच खांबाला धरून तो घटकाभर उभा राहिला होता, उन्हाने गरगरल्यासारखं झालं म्हणून. हे त्याला आठवलं, पण त्या आठवणीचं काय करायचं ते कळलं नाही.

२

हेमचंद्रला धनुष्याचा नाद लावला उल्हासने. उल्हास मूळचा दादरचा, खाणीतला त्याचा सीनियर, पोट सुटलेला आणि बडबड्या. असा माणूस रानात शिरला की मात्र मांजरासारखा चालायचा. त्याची धनुष्यं लाकडाची, साधी. नेम धरायला दुर्बीण नाही की दोरी ओढायला चाकं नाहीत. "नेम डोळ्यात नसतो रे, सवयीत असतो," असं म्हणून त्याने हेमचंद्रला वर्षभर गवताच्या गाठोड्यावर बाण मारायला लावले. कालगुर्लीतली मराठी मंडळी गणपतीला जमली की हेमचंद्रची यथेच्छ टिंगल व्हायची. कुणी त्याचा अंगठा शाबूत आहे ना ते तपासायचं. तो चिडायचा नाही, कारण त्याला खरोखरच काहीतरी सापडलं होतं.

मग दोघे मेंढपाळीच्या मोठमोठ्या रानांत जायला लागले. तिथे रानटी झालेल्या शेळ्यांचे कळप सगळं गवत फस्त करतात. मालक परवानगी देतो आणि वर थंड बीअरही देतो. उल्हासचे नियम थोडे होते. वीस पावलांच्या पलीकडे बाण सोडायचा नाही. काम झालं की धनुष्याची दोरी उतरवायची. आणि सगळ्यात मोठा नियम बाण लागल्यानंतरचा.

"लागला की अर्धा तास खाली बसायचं," उल्हास म्हणायचा. "एक गुडघा टेकून. मागे धावायचं नाही. धावलास तर ते उठत राहतं, चालत राहतं, आणि हाल होतात. कोणी मागे नाही असं वाटलं की ते आपणहून आडवं होतं. मग शांतपणे जातं. तोवर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. पाठ करून बस. नजर कळते त्यांना."

रक्ताचा ठिपका दिसला की तिथल्या झुडपाला खूण बांधायची. मग मागे वळून खुणांची रांग बघायची. रांग ज्या दिशेला, जनावर त्याच दिशेला.

चार वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी हेमचंद्रने जवळजवळ प्रत्येक नियम मोडला. बोकड वीस पावलांच्या बराच पलीकडे होता. बाण पोटात लागला. बोकड पोक काढून सावकाश चालता झाला. उल्हास म्हणाला, "पोटात लागलं की वेळ लागतो. आता सकाळीच जायचं." पण हेमचंद्रची सकाळी शिफ्ट होती. तो मागे धावला. खुणेच्या फिती दुसऱ्या गाडीत राहिल्या होत्या, म्हणून धनुष्याला गुंडाळलेली साडी त्याने टराटरा फाडली. साडी पद्माची, तिच्या हळदीची. पिवळी, हिरव्या काठाची. "परत कोण नेसतंय ती," असं म्हणून तिनेच दिली होती, पण फाडायला नव्हे, गुंडाळायला. दर वेळी बोकड कुठल्यातरी झुडपाखाली बसलेला सापडायचा, आलेल्या वाटेकडे तोंड करून, आणि हेमचंद्र जवळ गेला की उठून पुढे जायचा. असं अंधार पडेपर्यंत चाललं. मग ठिपके संपले. शेवटची चिंधी बांधून तो परत फिरला, गाडीत बसला आणि सकाळी शिफ्टला गेला.

पुन्हा त्याने धनुष्य उचललं नाही. उरलेल्या साडीत गुंडाळून गॅरेजमध्ये वर ठेवून दिलं. पद्माला साडीबद्दल काही सांगितलं नाही. उल्हास पुढे पर्थला बदलून गेला. वाटेकडे बघत बसलेल्या त्या बोकडाचे डोळे मात्र त्याला अधूनमधून आठवायचे, आणि आठवले की लाज वाटायची. साधी, सरळ लाज.

३

दुसऱ्या दिवशी घरी येताना त्याने मुद्दाम बघितलं.

कोपऱ्यावरच्या गमच्या झाडाला एक चिंधी होती, खालच्या फांदीला. मागच्या आठवड्यात त्या सावलीत तो बसला होता. अलीकडे चालताना दम लागायचा. कुत्र्याच्या घराच्या कुंपणाला एक होती. तिथे त्याने बुटाची लेस बांधण्याचं निमित्त करून श्वास घेतला होता. बसथांब्याच्या खांबाची चिंधी उन्हाने पांढुरकी पडली होती. ती जुनी होती. म्हणजे सुरुवात तिकडून, हमरस्त्याकडून झाली होती.

तो ज्या ज्या ठिकाणी थांबला होता तिथे तिथे चिंधी होती. जिथे थांबला नव्हता तिथे एकही नव्हती.

कुणाची तरी थट्टा असेल. हा विचार त्याने घरी पोचेपर्यंत घट्ट धरून ठेवला. पण थट्टा करायला साडी लागते, आणि साडी त्याच्या गॅरेजमध्ये होती. त्याने शिडी लावली. धनुष्य होतं तिथेच होतं, धुळीत. साडी मात्र त्याला आठवत होती तेवढी नव्हती. त्या संध्याकाळनंतर अर्ध्याहून जास्त उरली होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आता धनुष्याभोवती नुसता पदर होता, तोही एका बाजूने फाटलेला. त्याने खिशातली चिंधी काढून त्या फाटक्या कडेला लावून बघितली. दोरा न् दोरा जुळला.

तनया नववीतली. ती सोफ्यावर फोनमध्ये डोकं घालून पडली होती.

"तनू, तू वरची साडी काढली होतीस का? प्रोजेक्टला वगैरे?"

"बाबा, व्हाय वुड आय टच युअर क्रीपी बो स्टफ?" तिने मान वर केली आणि मग फोन खाली ठेवला. "आर यू ओके? यू लुक काइंड ऑफ ग्रे."

तेच पद्माचंही म्हणणं होतं. तिने त्याला जबरदस्तीने रक्त तपासायला द्यायला लावलं होतं आणि रिपोर्ट त्याच रात्री आला. जेवणं झाल्यावर तिने तो दोनदा वाचला.

"हिमोग्लोबिन बघ किती खाली आलंय. हेम, तुझं रक्त जातंय कुठेतरी."

"कुठे जातंय?"

"तेच तर शोधायचं. पोटातून असेल. इथे नाही होणार, पर्थला स्कोपी करावी लागेल." डॉक्टरच्या आवाजात बोलत होती, पण हात तिने त्याच्या मनगटावर ठेवला होता आणि तो ती काढत नव्हती. "शुक्रवारी सकाळचं फ्लाइट बुक करते. तोपर्यंत फक्त रेस्ट. प्रॉमिस?"

"पोटातून," तो म्हणाला.

"असं वाटतंय. का?"

त्याने काही नाही म्हणून मान हलवली.

४

गुरुवारी त्याने सुट्टी टाकली आणि सकाळीच उल्हासला फोन लावला. वर्षभरात बोलणं झालं नव्हतं. उल्हासने आधी नेहमीप्रमाणे दोन शिव्या घातल्या, मग पर्थच्या घरांच्या भावांवर भाषण दिलं. हेमचंद्रने ते होऊ दिलं.

"उल्हास, ती चिंध्यांची भानगड तू करतोयस का? खरं सांग, मी रागावणार नाही."

"कसल्या चिंध्या?"

"पिवळ्या. त्या बोकडाच्या वेळच्या."

उल्हास वेगळ्याच सुरात म्हणाला, "मी पुढच्या रविवारी परत गेलो होतो तिथे. तुला बोललो नाही. म्हटलं, तुला आधीच वाईट वाटतंय. निदान ते कुठे पडलंय ते तरी बघावं."

"सापडलं?"

"नाही. पण तुझ्या खुणा सापडल्या. तुझी नाडीची गाठ मी ओळखतो रे. चांगलं काम केलंस तू, हे तेव्हाच सांगायला हवं होतं मी."

"कसलं चांगलं काम?"

"परत गेलास ते. आपण सोडलं त्याच्या पुढे अजून चिंध्या होत्या. बऱ्याच पुढे. पार डांबरी रस्त्यापर्यंत. मी म्हटलं, हा पठ्ठ्या शिफ्ट करून एकटाच आला आणि नीट मागावर गेला. खरं सांगतो, मला बरं वाटलं."

हेमचंद्र स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभा होता. छतावरचा कूलर घरघरत होता. "उल्हास, मी परत गेलोच नाही."

"असं कसं? मग कोण?"

"रस्त्याला लागून कुठल्या बाजूला होत्या?"

उल्हासने आठवून सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचा आवाज बारीक झाला. "कालगुर्लीच्या बाजूला, हेम. म्हणजे तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. तुझी गाडी तिथे असेल असं वाटलं. हॅलो? ऐकतोयस ना? हे बघ, तू घरात एकटा आहेस का?"

५

एकटा नव्हता. पद्माची ड्यूटी दुपारची होती आणि ती अजून घरात होती. तिच्या हालचालींचे आवाज ऐकत त्याने स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला. चार वर्षं म्हणजे काही अर्धा तास नव्हे. चार वर्षं कोण थांबतं? आणि रक्त कमी होण्याला शंभर कारणं असतात, पद्मानेच सांगितलं होतं. अल्सर असेल. चिंध्या कुठल्यातरी रिकामटेकड्या पोराने बांधल्या असतील. उल्हासची स्मरणशक्ती बीअरने गेली असेल. एकेक गोष्ट घेतली की पटत होती. सगळ्या मिळून मात्र काही केल्या पटत नव्हत्या.

त्याला तहान लागली होती. गेले कित्येक दिवस लागत होती. पाणी प्यायला की पाचच मिनिटांत पुन्हा.

आणि मग त्याच्या लक्षात आलं की तो आता जेवणाच्या टेबलाशी बसलाय तो मागच्या दाराकडे तोंड करून. ही त्याची खुर्ची नव्हती. त्याची खुर्ची समोरची, टीव्हीकडे तोंड असलेली. इथे बसायला त्याने कधी सुरुवात केली? तनयाने मध्यंतरी कुरकुर केली होती की बाबा माझ्या जागेवर बसतात, ते त्याला आता आठवलं. बेडवरसुद्धा त्याने कूस बदलली होती, दार दिसावं म्हणून.

तो उठला आणि पुढच्या व्हरांड्यात गेला. रस्ता उन्हात पांढरा पडला होता. त्याने मागे वळून बघायची जुनी पद्धत आठवली आणि खुणांची रांग डोळ्यांनी जुळवली. बसथांबा, कुंपण, गमचं झाड, लेटरबॉक्स. आता एक व्हरांड्याच्या खांबाला होती. काल नव्हती. काल तो इथे पायरीवर बसला होता. घराला वळसा घालून गेला तर बाजूच्या नळाच्या तोटीला एक, ओंजळीने पाणी प्यायला होता तिथे. शेवटची मागच्या दाराच्या कडीला. तिला हिरव्या काठाशेजारी लाल पट्टे होते. पदराचे पट्टे.

त्याला गॅरेजमध्ये जायची इच्छा नव्हती. तरी तो गेला. धनुष्य उघडं पडलं होतं. साडी संपली होती. आणि धनुष्याला दोरी चढवलेली होती. ती तर त्याने उतरवली होती, चार वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने, तो एकच नियम त्या दिवशी शेवटी पाळला होता असं त्याला नेहमी वाटायचं. की तोही नव्हता पाळला? दोरीवर धूळ नव्हती. त्याने बोट लावलं नाही.

खुणा बांधणं थांबतं ते दोनच वेळा. माग हरवला की, नाहीतर जनावर सापडलं की.

६

"पद्मा, आपण आत्ताच निघू या का पर्थला? गाडीने."

ती युनिफॉर्मला बॅज लावत होती. "आत्ता? सहा-सात तासांचा रस्ता आहे. तू असा थरथरतोयस आणि ड्राइव्ह कोण करणार, मी? ड्यूटी सोडून? उद्या सकाळी फ्लाइट आहे ना रे."

"मला बसायचं नाहीये. चालत राहिलं पाहिजे."

"हेम." तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. असं ती फार क्वचित करायची. "तुला भीती वाटतेय, कळतंय मला. मलाही वाटतेय. पण जे काही असेल ते आपण उद्या शोधून काढू. कितीतरी पेशंट असे येतात आणि हसत घरी जातात. आता फक्त आडवा हो थोडा. कोणी मागे लागलंय का तुझ्या?"

त्याला सगळं सांगायचं होतं. हळदीच्या साडीपासून. पण तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि तिला उशीर होत होता, आणि सांगायला लागला असता तर बोलता बोलता कुठेतरी टेकावं लागलं असतं. "जा तू," तो म्हणाला. "मी ठीक आहे."

"तनूला स्कूलमधून शेजारची रेखा आणेल. मागचं दार बंद करू नकोस हं, कूलरला हवा लागते." गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग तो लांब गेला.

हेमचंद्र घरात फेऱ्या मारू लागला. हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर, परत हॉल. दार उघडंच होतं, मधे फक्त माशांची जाळी. कूलरचा गार ओला वारा घरातून वाहत त्या जाळीतून बाहेर जात होता. आपला वास बाहेर जातोय, असं त्याच्या मनात आलं. पाय जड झाले होते. भीती मात्र कमी होत चालली होती, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. एवढं स्वस्थ का वाटतंय? कुठेच कसला आवाज नाही, कोणी येत नाही, कोणी हाका मारत नाही. खरंच कोणी मागे नसेल तर?

स्वयंपाकघरातून जाताना त्याने जाळीतून बाहेर बघितलं.

लिंबाच्या झाडाच्या सावलीत कोणीतरी बसलं होतं. एक गुडघा टेकून. पाठ घराकडे होती. मान जरा खाली. खांदे शांतपणे वरखाली होत होते. माणूस म्हणावं तर त्या पाठीत काहीतरी बरोबर नव्हतं, काय ते त्याला उमगेना, आणि टक लावून बघायचं त्याला धैर्य झालं नाही. ते वळलं नाही. ते वळणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून ते तसं बसलं होतं. त्याने त्या बोकडासाठी जे केलं नव्हतं, ते त्याच्यासाठी कोणीतरी अगदी नियमाने करत होतं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कशाचं ते त्याला सांगता आलं नसतं.

फ्रिजला पाठ लावून तो खाली बसला, दाराकडे तोंड करून. फरशी गार होती. फोन हातातच होता. पद्माचं नाव दाबायला त्याला बराच वेळ लागला.

"हं, हेम?"

"ये," तो म्हणाला. "परत ये. मला उठव. हाका मार. मला बसू देऊ नको." निदान असं म्हणायचं होतं. तोंडातून काय गेलं ते त्याचं त्यालाच नीट ऐकू आलं नाही.

"अरे, किती झोपेत बोलतोयस!" पद्मा हसली. तिच्या आवाजात केवढा तरी दिलासा होता. "बरं झालं पडलास ते. झोप आता. मी नाही फोन करणार. तनूलाही मेसेज टाकते, बाबा झोपलेत, घरात अजिबात आवाज करू नको म्हणून."

फोन बंद झाला. लांब खाणीत सुरुंग उडाला आणि फरशीतून त्याच्या गालाला धक्का जाणवला. म्हणजे तो आडवा झाला होता तर. कूलर घरघरत होता. जाळीपलीकडे सावली थोडी लांबली होती, आणि तिथे कुणालाच कसली घाई नव्हती.